कालव्यापलीकडची सात मिनिटं

लिऊथांगात मेट्रो येणार हे पक्कं झालं आणि च्यो-श्याचे पाय जमिनीवर ठरेनात. बाई त्रेसष्ट वर्षांची, एकतीस वर्षं डोउहुआची गाडी ढकललेली, पण बोलायची सहलीला निघालेल्या पोरीसारखी. डोउहुआ म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं लुसलुशीत दही, वर आल्याचा गोड पाक. आमच्या जुन्या वस्तीत तिच्या हातची वाटी पोटात गेल्याशिवाय कुणाची सकाळ होत नाही. वाटी देता देता ती गिऱ्हाइकाला ऐकवायची, "आमचे हे आता बाहेर पडणार बरं का. स्टेशनात लिफ्ट असते. चाकाची खुर्ची सरळ डब्यात."

'हे' म्हणजे तिचा नवरा आ-थु. त्याने तीस वर्षं शहराची बस चालवली आणि चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्याचं डावं अंग गेलं. ज्याने अख्खं शहर फिरवलं, तो माणूस खिडकीत बसून समोरच्या भिंतीचे पोपडे बघायचा. च्यो-श्याला ते बघवत नव्हतं.

मार्चात नागरिकांची सभा झाली. नियोजन खात्याचे वेइ साहेब आले. पडद्यावर नकाशा, मधोमध स्टेशन, भोवती लाल वर्तुळ.

"पाचशे मीटर," साहेब म्हणाले. "वर्तुळातल्या प्रत्येकाला सात मिनिटांत चालत पोचता येईल. म्हणून आत उंच इमारतींना परवानगी. दुकानं, दवाखाने, सगळं स्टेशनला धरून. जुनी वस्तीही आतच येते, तेव्हा कालव्याच्या या बाजूला स्टेशनचं वेगळं दार लागत नाही, ते आम्ही रद्द केलंय."

टाळ्या पडल्या. पडणारच. जुन्या घराच्या जागी बारा मजले, हे कळायला शिक्षण लागत नाही. च्यो-श्या मात्र नकाशावर आपला रस्ता शोधत होती. स्टेशनचं दार पलीकडे, मध्ये कालवा, आणि पूल कुठे, तर पार भाजी बाजाराच्या टोकाला. साहेबांनी कंपास फिरवून वर्तुळ काढलं होतं. सरळ उडणाऱ्या कावळ्यांसाठी ते अगदी बरोबर होतं.

ती उठायला लागली तशी शेजारी बसलेल्या लाईभाऊंनी तिची बाही ओढली. लाईभाऊंचं हार्डवेअरचं दुकान, आणि जीव सगळा त्या बारा मजल्यांत.

"गप बस गं. वर्तुळात आहोत ना आपण? लक्ष्मी दारात आली की तोंड धुवायला जायचं नसतं."

"तुमची लक्ष्मी येईल हो चालत. माझ्या नवऱ्याला उडत जावं लागेल," असं म्हणून ती उभी राहिली. "साहेब, उद्या सकाळी माझी गाडी ढकलत, स्टेशनचं दार होणार आहे तिथपर्यंत या. आमच्या ह्यांची खुर्ची आणि ही गाडी, वजन सारखंच. बघू सात मिनिटं."

सभा हसली, साहेबही हसले. पण माणूस शब्दाचा पक्का. सकाळी सहाला हजर. लाईभाऊ घड्याळ घेऊन मागे, बाई खोटी ठरावी म्हणून.

पहिल्या दहा पावलांतच साहेबांचा नकाशा संपला. आमच्याकडे दुकानांपुढे छताखालून चालायची जागा असते, पण प्रत्येकाने आपापला ओटा आपल्या मर्जीने उंच केलेला. एक पायरी वर, दोन खाली, मध्ये आडव्या स्कूटरी. तिसऱ्या ओट्यावर गाडी कलली आणि पाक साहेबांच्या बुटात गेला. मग रस्त्यावरून, बसचा भोंगा पाठीशी. मग बाजार, कोबीच्या टोपल्या, पूल, आणि पुलाचा चढ. साहेबांना दम लागला.

"एकोणतीस मिनिटं," लाईभाऊ म्हणाले, आणि त्यांचाच आवाज बारीक झाला.

च्यो-श्याने साहेबांना वाटी भरून दिली. "खा. तुम्ही पोचलात तरी. आमचे हे पहिल्याच ओट्याला अडकले असते."

साहेबांनी वाटी संपवली. मग म्हणाले, "मावशी, वर्तुळ मी पुसतो. पण खरं चालून मोजलं तर तुमची वस्ती बाहेर जाते. इमारतींची परवानगीही जाते."

च्यो-श्या हबकली. एका नवऱ्यापायी अख्ख्या गल्लीच्या तोंडचा घास काढला, असं उद्या लोक म्हणणार. तरी तिने विचारलंच, "आणि या बाजूचं दार परत दिलं तर? कालव्यावरून पूल, लिफ्टसकट?"

"मग तुम्ही आत. खऱ्या सात मिनिटांत. पण ओटे सपाट करावे लागतील."

आपला ओटा कोण फोडू देणार? घोडं इथेच पेंड खात होतं. पण बारा मजले हातचे जातात हे कळल्यावर पुढे तिला काही करावंच लागलं नाही. दुपारपर्यंत लाईभाऊंनी दारासाठी तीनशे बारा सह्या गोळा केल्या. "मी पहिल्यापासून सांगतोय, दाराशिवाय स्टेशन कसलं," असं ते ज्याला त्याला ऐकवत होते. लोक लबाड असतात, पण कधीकधी बरोबर दिशेने लबाड असतात. आठवड्याभरात पहिला ओटा फोडला तो त्यांनीच, स्वतः घण घेऊन.

जूनच्या सभेत नवा नकाशा लागला. वर्तुळ गेलं होतं. त्या जागी वेडावाकडा, चालून मोजलेला आकार होता, आणि कालव्याच्या आमच्या काठावर दार नंबर तीन. च्यो-श्या गाडी सभेबाहेरच टाकून घरी पळत सुटली. सगळी गल्ली बघत होती. बघू दे.

"दार मिळालं," ती धापा टाकत आ-थुला म्हणाली. "घरापासून सात मिनिटं. लिफ्ट आहे."

"कधी?"

"सहा वर्षं लागतील म्हणाले."

आ-थुने उजव्या हाताची बोटं मोजली. "म्हणजे मी पंचाहत्तरचा," तो म्हणाला. सगळ्या धावपळीत हा हिशेब तिने केलाच नव्हता.

"ती दवाखान्यातली व्यायाम करून घेणारी बाई," आ-थु म्हणाला, "जिला मी चार वर्षं दारातून हाकलतोय. नंबर आहे तिचा?"

"आहे."

"तिला म्हणावं, उद्यापासून ये. सहा वर्षं काढायची आहेत मला."