समुद्रात टाकलेला खडा

यंदा उन्हाळ्यात माहेरच्या विहिरीत कुणीतरी खडा टाकला, डुबुक्कन आवाज झाला आणि धुणं पिळता पिळता माझे हात थांबले. आमच्याकडं पोहायला उतरण्याआधी विहिरीत खडा टाकतात. त्या आवाजानं पाण्यातला साप कपारीत निघून जातो. अर्ध्या गावाला पोहायला शिकवलेल्या माझ्या दादानं, सुटीत कोकणात गेलो तेव्हा, समुद्रातही तसाच खडा भिरकावला होता. सकाळचं ऊन होतं, पाणी कोमट आणि संथ. "लई शांत हाय, या बिनधास्त," म्हणत तो दहा वर्षांच्या लेकीला घेऊन उतरला. थोड्याच वेळात पोरीची किंकाळी आली. काचेसारखी दिसणारी जेलीफिश तिला चाटून गेली होती. दंडावर आसूड ओढल्यासारखे लाल वळ उठले होते, तिला धाप लागली होती. दादा घाबरून वाळूनं चोळायला लागला, तेव्हा शहाळी विकणाऱ्या म्हातारीनं त्याचा हात धरला. "चोळू नको रे बाबा, समुद्राचंच पाणी ओत आणि दवाखाना गाठ." पोरगी वाचली. परतताना पार गावाजवळच्या मांजरसुंब्यापर्यंत दादा एकच बोलत राहिला, "म्या खडा टाकला व्हता की." त्याच म्हातारीनं, दादा पाण्यात उतरण्याआधी, शहाळं देताना मला बजावलं होतं, "आज पाण्यात जेलीफिश आहेत, उतरू नका." पण थोरल्या भावाला चारचौघांत अडवायचं कसं, म्हणून मी गप्प बसले होते. दादाला हे मी अजूनही सांगितलेलं नाही.