सावडीत मी अर्धी

"स्किझोफ्रेनिया," पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आईने लगेच विचारलं, "लावणीपातूर बरी व्हईल का?"

आमच्या कोळवण खोऱ्यात भाताची लावणी सावडीने होते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. ज्या घरातून जितकी माणसं आली, त्या घराला तितकीच परत द्यायची. आमच्या घरची दोन धरलेली, आई आणि मी. वडील एका फार्महाऊसवर कामाला आणि धाकटी बहीण पुण्यात शिकायला.

आजारी पडून गावी येण्याआधी मी हिंजवडीजवळ जांब्यात खोली घेऊन राहायचे, तिथल्याच एका ऑफिसात कामाला होते. आवाज नंतर आले, आधी लक्ष उडालं. एक ईमेल चारचारदा वाचायचे, तरी शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली. साहेब म्हणाले, मन लावून काम कर. मीही स्वतःला तेच बजावत राहिले. मग पाठीमागे कुणी नसताना दोन बायका माझ्याबद्दल बोलायला लागल्या. आता उठली, आता चप्पल घातली. तेव्हा कुठे घरच्यांनी मला दवाखान्यात नेलं. तुमच्या घरात कुणाचं असं लक्ष उडालं असेल तर कृपा करून आवाजांची वाट बघू नका.

गोळ्यांनी दोन महिन्यांत त्या बायका गप्प झाल्या. घरात आनंदीआनंद. मला मात्र साधा चहा जमेना. दूध उतू जायचं, आणि साखर आधी की पावडर, या विचारात मी उभी. दळण टाक, कोथिंबीर आण, काकीला निरोप दे, असं सांगितलं की एकच काम डोक्यात राहायचं, दोन गळायची. आंघोळ म्हणजे टॉवेल, कपडे, पाणी. एवढं जुळवता जुळवता दुपार व्हायची.

डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, "आवाज गोळीने थांबतात. पण लक्ष देणं, लक्षात ठेवणं, कामांचा क्रम लावणं, याला कॉग्निशन म्हणतात. या आजारात तेही दुखावतं, आणि गोळीने तितकंसं सुधारत नाही. त्याला सराव लागतो, वेळ लागतो. हा आळस नाही."

आईने मान डोलावली. गावात मात्र सांगितलं, "पोरीला टायफाईड झाला व्हता." धाकटीची सोयरीक बघत होते ना! आणि टायफाईड तर बरा होतो. म्हणजे मी बरी.

लावणीची सुरुवात चुलतीच्या, म्हणजे काकीच्या खाचरातून झाली. सगळ्या बायका ओळीने वाकून मागे मागे सरकतात. मुठीतून, म्हणजे रोपांच्या जुडीतून, तीनचार रोपं सोडवायची, चिखलात खोचायची, पाऊल मागे. वर गप्पा चालूच. मला एकतर गप्पा ऐकता येत होत्या, नाहीतर रोप खोचता येत होतं. बघता बघता सगळ्या मागे निघून गेल्या आणि मी त्यांच्या लावलेल्या ओळींमध्ये एकटी अडकले.

"टायफाईड हून म्हैनं झालं की गं," काकी ओरडली. "आता ही निस्ती नाटकं. हिचं अर्धंच मानूस धरते मी!"

बायका हसल्या. आईही हसली.

मी सरळ उभी राहिले. "टायफाईड न्हवता, काकी. मला स्किझोफ्रेनिया हाय, डोक्याचा आजार. कानात मानसं बोलत व्हती. ती आता गप हायेत, पन काम उरकत न्हाई. आळशी न्हाई मी."

काकीने माझ्या हातातली मूठ हळूच काढून घेतली. "बांधावर बस, बाय." आईने मान वर केली नाही. मी मूठ परत घेतली आणि माझी ओळ पुरी केली, तोवर त्यांची जेवणंही झाली होती.

तेव्हापासून मला कुणी आळशी म्हणत नाही. येडी म्हणतात, तेही पाठीमागे. सावडीतून मला काढलंच, त्यामुळे आमच्या खाचरात माणसं कमी आली. निम्मं खाचर तसंच उरलं. आई माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती. ते उरलेलं लावायला ती माझ्या शेजारी उतरली. मी थांबले की तीही थांबायची.

"सावकाश लाव," एकदा म्हणाली.

डॉक्टरांचे मी मनापासून आभार मानते. आईचं ते "सावकाश" मला दवाखान्यातून आल्या दिवशी हवं होतं. तिला मी अजून माफ केलेलं नाही.