फौजदाराचं मुसकं

माझे सासरे पोलिसात होते आणि हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. फौजदारी एकदा अगदी हातात येऊन हुकली, ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. घरी बसल्यावर त्यांनी एक कुत्रं पाळलं आणि त्याचं नाव ठेवलं फौजदार.

मी मलकापुराहून लग्न होऊन शाहूपुरीतल्या त्या घरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी अंगणातून दणदणीत आवाज आला, "फौजदार, खाली बसा! पावण्यांच्या अंगावर जायचं न्हाय!" मी पदर सावरून बाहेर डोकावले. कोण फौजदार आलेत म्हणून बघते तर तांबडं, दांडगं, एक कान अर्धा गेलेलं कुत्रं. अख्ख्या घरात मामंजी फक्त त्याच्याशी अहो-जाहो करत. सासूबाईंना ते "ए" म्हणत.

फौजदाराचा स्वभाव खात्याला साजेसा होता. डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली की धावून जायचा आणि बुशशर्टातला माणूस आला की शेपटी हलवायचा.

एके दिवशी पालिकेचा टांगा कर्णा लावून गल्लीतून फिरला. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला पाहिजे, नाहीतर ते पिंजऱ्याच्या गाडीत जाईल. आणि कुत्रं चावरं असेल तर तोंडाला मुसकं पाहिजे, नाहीतर बिल्ला असला तरी जाईल. गल्लीत कुणी मनावर घेतलं नाही. मामंजींनी घेतलं. इस्त्रीचा सदरा घालून ते पालिकेत गेले, पितळी बिल्ला आणला आणि फौजदाराच्या गळ्यात अडकवून दोन पावलं मागं सरकून बघत राहिले. छातीवर पदक लावल्यासारखा समारंभ झाला.

"आणि मुसकं?" सासूबाईंनी विचारलं.

"फौजदार चावत न्हाय. चौकशी करतोय."

आमच्या समोरच्या गाळ्यात एक मुसलमान शिंपी होते. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मी चाचा म्हणत असे. मामंजींचे ते जुने दोस्त. दुपारचा चहा दोघांनी एकत्र घ्यायचा आणि भांडत घ्यायचा, असा रिवाज होता. एका दुपारी चाचा माझी शिवलेली पोलकी घेऊन आले आणि चपला काढायला दारात वाकले. फौजदारानं मागच्या बाजूनं चौकशी केली. जागा अशी, की डॉक्टरला दाखवायचीसुद्धा चोरी.

सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शनं सुरू झाली. चाचांना मशीनवर बसता येईना. ते उभ्यानं कापड बेतायचे आणि शिवायच्या तुकड्यांचा ढीग वाढत जायचा. एवढ्यावरही निभलं असतं. पण मामंजी समाचाराला गेले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी त्याच्याकडं पाठ कशाला केली?"

दुसऱ्या दिवशी चाचा लंगडत पालिकेत गेले आणि तक्रार देऊन आले. चहा बंद झाला.

पालिकेच्या माणसानं येऊन बजावलं, मुसकं घाला. मामंजींनी चांभाराला बोलावलं. त्यानं लांबूनच फौजदाराचा जबडा बघितला आणि म्हणाला, "आदी मुसकं घाला, मग माप घेतो." शेवटी बाजारातून बैलाचं दोरीचं मुसकं आलं. ते एवढं ढगळ होतं, की फौजदार त्यातून आरामात भाकरी खायचा. सासूबाई म्हणाल्या, "आनखी एक आणायचं की. घरात लागतंय." मामंजी पेपर वाचत राहिले.

मग एका सकाळी पिंजऱ्याची गाडी आली. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. फौजदारानं मुसकं पायरीला घासून काढून टाकलेलं आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा. फास घेतलेली माणसं उतरलेली दिसताच सगळी फौजदारी संपली. शेपटी पोटात घालून तो थेट चाचांच्या दुकानात घुसला आणि मशीनखाली जाऊन बसला.

मुकादम दारात आला. "कुत्रं कुणाचं?"

"माजं," चाचा म्हणाले. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

एवढ्यात मामंजी अनवाणी धावत आले. धोतराचा सोगा हातात, तोंडाला अर्धा साबण तसाच. "माजं हाय ते," ते म्हणाले. "चावलेलं हाय. मुसकं न्हाय. नियमानं न्या." आवाज ठाम होता, पण दारातून ते बाजूला होईनात. मी सूप खाली टाकून दुकानाशी धावले.

"हवालदार, तोंड मिटा," चाचा खेकसले. मग मुकादमाकडं वळले. "तक्रार कुणाची हाय?"

"शाहूपुरीतल्या एका शिंप्याची."

"तो मीच की. मी सांगतो, कुत्रं चावलं न्हाय. ते निवांत आ करून पडलं हुतं, मीच त्याच्यावर बसलो."

फासवाला खो-खो हसायला लागला. मुकादमानं हसू दाबून पाहिलं, जमलं नाही. "फुडच्या खेपंला बिनमुसक्याचं दिसलं तर आत घालीन," एवढं सुनावून गाडी पुढं गेली.

गाडी कोपऱ्यावरून वळली. मग चाचा हळूच म्हणाले, "हवालदार, ह्याला भाईर काढा. माजं पाय हलंनात." मामंजी खाली वाकले, मशीनखाली हात घातला आणि तिथूनच म्हणाले, "मास्तर, माजं चुकलं." चाचांनी मला हाक मारली, "सूनबाई, च्या टाक. दोन कप."

पुढं चाचांनी जाड कॅनव्हासचं नीट बेताचं मुसकं शिवून दिलं. माप घेताना मामंजींनी फौजदाराचं डोकं मांडीत धरलं होतं आणि चाचा टेप लावताना डोळे मिटून पुटपुटत होते. फौजदार हूं की चूं करीना. पुढं काही वर्षांनी तो उन्हाळ्यात झोपेतच गेला.

चाचांची बायको मात्र विरघळली नाही. ईदला शिरखुर्म्याचा डबा माझ्या हातात देऊन ती बजावायची, "ह्यो तुला आनि तुज्या सासूला. हवालदाराला एक थेंब दिऊ नगंस." मामंजी स्वयंपाकघरात उभ्यानं खायचे आणि मिशी पुसून बाहेर यायचे. तिला ते ठाऊक असावं, कारण डबा दोघींच्या मानानं फारच मोठा असायचा.