पालखी जाऊ दे

आवडीला ढोल सहन होत नाही, आणि तिच्या नातवाला ढोलाइतकं दुसरं काही आवडत नाही. एका घरात ही दोन माणसं कशी नांदतात ते शिमग्यात येऊन पाहावं. पलीकडच्या वाडीत ढोलावर थाप पडली की सार्थकचे आखडलेले हात वर उठतात, मान मागे जाते आणि घशातून हसण्याचा एक मोठा, वेडावाकडा आवाज निघतो. पोरगा आठ वर्षांचा आहे. बसवला तर बसतो, धरला तर उभा राहतो, सोडला तर कलंडतो. आवडी त्याला सेजलच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, मांडीवर देते आणि आत जाऊन चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत बसते.

बरं, ढोल शिमग्यापुरता असता तर तेही निभलं असतं. पण तिला तो भर श्रावणात ऐकू येतो. नाचणी निंदताना येतो, महाडच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर येतो. लांबून येतो, जवळ येतो आणि त्याच्यामागून एक वाक्य येतं. ते वाक्य दुसऱ्या कुणाचं असतं तर आवडीनं त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण ते तिचं स्वतःचं आहे.

उमरठच्या वरच्या अंगाला, जिथे डांबरी सडक संपून रिक्षा जेमतेम जाईल एवढीच वाट उरते, तिथे तिची वाडी. नवरा भागोजी मुंबईला गोदीत हमाल होता. गणपतीला आणि शिमग्याला पाहुण्यासारखा यायचा. भात आवडीनं लावलं, गुरं आवडीनं राखली, घरावर कौलं आवडीनं चढवून घेतली, आणि हे सगळं करता करता तोंड असं फटकळ झालं की वाडीतले मिशाळ बापयेही तिच्या अंगणातून जाताना चाल वाढवायचे. तिला या जन्मात आयतं मिळालं ते एकच, भागोजीच्या घराण्याचा मान. देवळातून निघालेली पालखी सगळ्यात आधी यांच्या अंगणात टेकते. पहिली ओटी या घरच्या सुनेनं भरायची, पहिला खांदा या घरच्या मुलानं द्यायचा. भागोजी गेल्यावर तो खांदा हृतिककडे आला. हृतिक भिवंडीच्या एका गोदामात कामाला आहे, पण शिमग्याला नोकरी गेली तरी बेहत्तर म्हणून येतो.

मानाला एक अट आहे. घरात विटाळ असला तर पालखी त्या घरी टेकत नाही. ढोल वाजत राहतो, पालखी अंगणावरून पुढे निघून जाते आणि मग वर्षभर पाणवठ्यावर त्याची चर्चा चालते. आवडीच्या दारावरून पालखी कधीच तशी गेली नव्हती.

आठ वर्षांपूर्वी पालखी यायच्या दिवशी सकाळी आवडी अंगण सारवत होती. सेजलला तेव्हा सातवा महिना सरून आठवा लागला होता. ती परसात दगडावर परकर धूत होती. आदल्या दिवशीही धूत होती.

"आये," ती हळूच म्हणाली, "कालपासनं पानी जातंय. लघवी न्हवं ती. आन वास पन येतोय."

आवडीनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. हे चांगलं नाही, एवढं आवडीला कळलं. ते कळलंच नव्हतं असं तिला पुढे किती वेळा स्वतःला पटवून द्यावंसं वाटलं, पण कळलं होतं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की अंगावरून जातंय असं कुणाच्या कानावर गेलं तर ओटी कोण भरणार?

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "कुनाला बोलू नको. पालखी जाऊ दे, मंग बघू."

पालखी त्या दिवशी आलीच नाही. देवळापुढच्या सहाणेच्या ओट्यावर दोन भावकींचं नारळावरून भांडण जुंपलं आणि देवी तिथेच बसून राहिली. आली ती दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना. सेजल हिरवं लुगडं नेसून, आरतीचं ताट घेऊन उभी राहिली. ताटातलं निरांजन थरथरत होतं. बायका म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, बावरली. हृतिक खांद्यावर पालखी नाचवत होता, ढोलवाले घामाघूम झाले होते आणि आवडी सुनेच्या पाठीशी उभी राहून मनात म्हणत होती, आवर गो बाय, आवर लवकर. ते ती सुनेला म्हणत होती की देवीला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पालखी पुढे गेल्यावर जीप बोलावली. महाडच्या दवाखान्यात मूल झालं. लहानसं, निळसर. रडलं नाही, मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज केला आणि थांबलं. ते काचेच्या पेटीत राहिलं, जगलं, घरी आलं. मान धरायच्या वेळी त्यानं मान धरली नाही. मुठी मिटलेल्या त्या मिटलेल्याच राहिल्या.

वाडीनं कारण शोधून काढायला वेळ लावला नाही. ओढ्याच्या डोहात आसरा, पाण्यातल्या देवता, राहतात. सेजल पोटुशी असताना ऐन दुपारी तिथे कपडे धुवायला बसली होती. आसरांनी हात लावला, संपलं. आवडीनं ते ऐकलं आणि तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. तिनं डोहावर हिरवी ओटी ठेवली, कोंबडं सोडलं. दर वर्षी ठेवत राहिली. बायका सेजलकडे बघून "भर दुपारची गेलीच कशाला पन?" असं म्हणायच्या तेव्हा ही फटकळ बाई नेमकी गप्प बसायची.  सेजल सासूकडे एकदा बघायची आणि पोराला दुसऱ्या कडेवर घ्यायची.

आसरांवरचा हा भरवसा महाडला मोडला. सार्थकला व्यायामासाठी दोघी एसटीनं न्यायच्या. तिथे मुलांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, विनीता नावाच्या. त्यांनी जुने कागद बाजूला ठेवले आणि सेजललाच विचारलं, बाळंतपणाआधी काय काय झालं होतं? ताप? पाणी जाणं? सेजल भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत म्हणाली, "ताप व्हता. पानी जात व्हतं. वास व्हता."

"किती वेळ?"

सेजलनं सासूकडे बघितलं. आवडी सार्थकचा सदरा नीट करू लागली.

डॉक्टरीणबाईंनी मग सावकाश समजावलं. पाण्याची पिशवी फुटली की बाळाभोवतीचं कुंपण तुटतं आणि जंतू वर चढतात. आईचं अंग त्यांच्याशी झुंजतं, म्हणून ताप येतो, आत सूज येते. ती झुंज एकट्या आईत राहत नाही. बाळाचं अंगही पेटून उठतं आणि त्या दिवसांत बाळाचा मेंदू अगदी कच्चा असतो, त्यातल्या तारा अजून जोडल्या जात असतात. जंतू तिथवर पोचले नाहीत तरी ती धग पोचते आणि तारा करपतात. मग हात सांगितल्यासारखे उघडत नाहीत, पाय ऐकत नाहीत.

"म्हंजे... आसरा न्हाईत?" आवडीनं विचारलं.

"नाहीत, आजी."

"आन आदी आनली असती तर?"

"तर लगेच औषध सुरू करता आलं असतं. धोका कमी झाला असता. तरीही काहीच झालं नसतं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. पाणी गेलेल्या प्रत्येकीच्या बाळाला असं होतंच, असंही नाही."

या बोलण्यात दोन वाटा होत्या आणि आवडी त्या दिवसापासून दोन्ही वाटांनी चालते आहे. पोलादपूरचा स्टँड येईपर्यंत ती स्वतःला सांगते, कदाचित तरीही झालंच असतं. पुढे गाडी उमरठच्या रस्त्याला वळली की ढोल सुरू होतो. त्या वर्षी ती डोहावर ओटी घेऊन गेली नाही. आसरा होत्या तोवर दोष वाटून घ्यायला कुणीतरी होतं. आता घरात ती, तिचं वाक्य आणि तो पोरगा एवढेच उरले. त्याच्या मिटलेल्या मुठीत रोज तेल चोळताना ती एकेक बोट उघडायची, आणि हात सोडला की बोटं परत मिटायची.

मग सेजलला पुन्हा दिवस गेले. आवडी हरखली नाही, घाबरली. सून परसात गेली की ही मागल्या दारात. सून कण्हली की हिचा हात तिच्या कपाळावर. सेजल तो हात बाजूला करायची. रागानं नव्हे, माशी हाकलावी तसा. आणि या सगळ्यात पोटाला आठवा लागता लागता शिमगा आला.

पालखीच्या दिवशी अंगण सारवून आवडी हात धुवायला मागे गेली तर सेजल त्याच दगडावर परकर धूत होती.

 आवडीनं भिंत धरली. सेजलनं वर पाहिलं, परकर पिळला, दोरीवर टाकला आणि हात पुसत म्हणाली, "रिक्षा सांगितलीय मी. येतेय. तुमी पालखी बघा."

विचारणं नव्हतं, तक्रार नव्हती. सात वर्षांपूर्वी तिनं सांगून पाहिलं होतं. या वेळी सासूला सांगायची तिला गरज वाटली नव्हती, एवढंच. आवडीला ते पालखीच्या दांड्यासारखं छातीवर लागलं. ती आत गेली, सार्थकला उचललं, दाराला कडी घातली आणि रिक्षात सुनेच्या शेजारी जाऊन बसली.

वाडी सोडायला वाट एकच, आणि त्या वाटेवर, खालच्या वळणावर, पालखी समोर आली. गुलाल, ढोल, सनई, मुंबईहून आलेली सगळी पोरं. पुढच्या दांड्याला हृतिक. रिक्षात बायको बघून त्याचं तोंड उतरलं, पण खांद्यावर देवी होती, ती रस्त्यात खाली ठेवता येत नाही. ढोल थांबला. हैबती, पालखीचा जुना मानकरी, पुढे आला. त्यानं सेजलकडे पाहिलं आणि त्याला काय ते समजलं.

"वयनी, पालखी मागं फिरत नाय, तुला ठावं हाय," तो म्हणाला. चांगला माणूस, आवाजही मऊ होता. "आन असल्या बाईनं समोरनं जानं बरं न्हवं. रिक्षा आत घ्या. घडीभराचं तर काम. पालखी जाऊ दे, मंग जा."

सात वर्षं आवडी हे वाक्य आपल्या आवाजात ऐकत आली होती. दुसऱ्याच्या तोंडून ते किती साधं वाटतं, किती समजूतदार, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. 

ती खाली उतरली. "पालखी थांबंल, हैबती," ती म्हणाली. "प्वार थांबनार नाय."

"वयनी..."

आवडी पुढे गेली आणि सुनेला शिवलेल्या त्याच हातांनी तिनं पालखीचा दांडा धरला. कुणी बाई कधी त्या दांड्याला हात लावत नाही. ती दांडा धरून बाजूला ढकलू लागली, साठीची बाई, दातओठ खात, आणि हृतिकनं एकदा आईच्या तोंडाकडे बघितलं आणि खांदा वळवला. तो वळला तशी बाकीचीही वळली. पालखी शेताच्या बांधावर चढली. रिक्षा गेली. मागच्या शांततेत एकटा सार्थक हसत होता, ढोल पुन्हा वाजवा म्हणून हात वर करून.

पोलादपूर येईपर्यंत सेजल बाहेर बघत होती. हायवेला लागल्यावर ती म्हणाली, "तवा पन ह्योच रस्ता व्हता, आये."

आवडीनं सार्थकला घट्ट धरलं. 

महाडला सेजलला लगेच सलाइनमधून औषध चढवलं, बाळासाठी इंजेक्शनं दिली, पलंगावरून उठायची बंदी घातली. मूल आत जमेल तेवढं राहू दिलं. तरी ते लवकरच झालं. मुलगी झाली. काळीसावळी, मूठभर, आणि अशी किंचाळली की नर्स म्हणाली, आजीवर गेली वाटतं. डॉक्टरीणबाई दर खेपेला तिला उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, अजून तरी सगळं ठीक आहे. अजून तरी, हे शब्द आवडी सोडत नाही.

वर्ष सरलं आणि या शिमग्याला पालखी त्यांच्या घरी टेकली नाही. गावकीनं तसं ठरवलं होतं. हृतिकचा खांदाही काढून घेतला. आवडी सारवलेल्या अंगणात नातीला घेऊन उभी राहिली. ढोल आला, दारासमोर वाजला, पुढे गेला. हैबतीनं मान खाली घातली, दोन-तीन बायकांनी पदराआड तोंडं लपवली. चुलीवरचं दूध उतू जायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

आवडी वाट बघत राहिली. अजून काहीतरी होईल, जमीन दुभंगेल, निदान कुणी काही बोलेल. काही झालं नाही. कोंबड्या परत अंगणात आल्या.

सार्थक लांब चाललेल्या ढोलाकडे हात करून रडू लागला. सेजलनं त्याला उचललं आणि पालखीच्या मागे मागे, लोकांपासून अंतर ठेवून, त्याला ढोल ऐकवत घेऊन गेली. अंगणात आवडी आणि मुलगी उरल्या. मुलीनं हात पुढे केला, पाचही बोटं उघडली, आजीचं नाक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"एवढंच व्हतं?" आवडी मोठ्यानं म्हणाली. "एवढ्यासाठी?"

मुलगी हसली. वळणावर ढोल वाजतच होता, आणि त्यावर सार्थकचं हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं.