जीनतबाईंची गोष्टीची वेळ

कामशेतच्या बालवाडीत जीनतबाई रोज गोष्ट वाचून दाखवायच्या. ‘वारूळ’, ‘घुबड’ असे नवे शब्द मुलं घरी जाऊन आईला ऐकवायची. जीनतबाईंचा स्वतःचा तीन वर्षांचा फरदीन मात्र मांडीवर बसून नुसती चित्रं बघायचा. सासू म्हणायची, “बोलंल की! घाई कशाला?”

एकदा गोष्ट रंगात आली असताना मागं खिचडीचं पातेलं धाडकन पडलं. सगळी मुलं दचकली. फरदीननं मानसुद्धा वळवली नाही.

तळेगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “याला जन्मापासून ऐकू येत नाही.” म्हणजे इतक्या गोष्टींतला एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलांनी गोष्टीचा हट्ट धरला. जीनतबाईंनी पुस्तक उघडलं. फरदीन सवयीनं मांडीवर येऊन बसला, आणि पहिलं वाक्यच काही केल्या त्यांच्या तोंडून निघेना.