तात्याबाचा हुंकार

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला पळसदेवचं शिवार. तिथं दुपारची लाईट गेली की सगळ्या मळ्यांतून एकच सूर निघायचा. मोटारी बंद, पाट कोरडे, ऊस माना टाकायला लागलेला. लोक लाईटच्या नावानं बोटं मोडायचे. अख्ख्या शिवारात दोनच माणसं अशी होती की लाईट गेल्यावर त्यांची कळी खुलायची. एक तात्याबा, दुसरा कुंडलिक.

तात्याबा जन्माचा मेंढका. दिवाळी झाली की बापासारखा, आज्यासारखा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत घाट चढायचा. पुढं धरणाचं पाणी आलं. चराईची रानं काही पाण्याखाली गेली, काही उसाखाली. मेंढरं विकून टाकली आणि पोरानं, रामनं, ऊस लावला. मेंढरं गेली, पण तात्याबाच्या खांद्यावरचं घोंगडं गेलं नाही आणि जिभेवरचा फटकळपणा तर मुळीच नाही. सत्तरी गाठली तरी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. अक्षर म्हणाल तर एकही ओळखीचं नव्हतं.

कुंडलिक त्याचा बांधशेजारी. आयुष्यभर साखर कारखान्यावर वॉचमन होता, तिथं रात्रपाळीला जागं राहायला म्हणून पुस्तकं वाचायची सवय लागली ती सुटली नाही. आता वांगी-टोमॅटोचं माळवं करायचा. बाजाराला इंदापूरला गेला की माळव्याची पाटी रिकामी करायची आणि वाचनालयातून पुस्तक घेऊन यायचं, हा त्याचा नेम. घरात वाचायला बसला की बायको म्हणायची, "पुस्तकानं वांगी फुटत्यात व्हय?" म्हणून तो पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळून तात्याबाच्या मोटारीच्या खोलीवर यायचा. लाईट नसली की दोघंही मोकळे. कुंडलिक वाचायचा, तात्याबा ऐकायचा.

पहिल्या दिवशी कुंडलिकनं एक वाक्य वाचलं, तर तात्याबा म्हणाला, "हं." दुसरं वाचलं, पुन्हा "हं." पाच-सहा वाक्यं झाल्यावर कुंडलिकनं चष्म्यावरून पाहिलं.

"तात्या, पोट दुखतंय का तुजं?"

"आरं येड्या, हुंकार हाय त्यो. आमच्यात ओवी सांगत्यात, तवा ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणारा थांबला. न्हायतर त्याला कसं कळावं, माणूस ऐकतंय का घोरतंय?"

कुंडलिकला आधी हे घासात खडा लागल्यासारखं वाटलं. पण चार दिवसांत अशी गत झाली की हुंकाराशिवाय त्याला वाक्य पुढं ढकलवेना. तात्याबाचा आणखी एक दंडक होता. गोष्टीतलं माणूस संकटात असताना ऐकणाऱ्यानं उठायचं नाही. त्याला बाहेर काढायचं, मग घोंगडं झटकायचं. संकटात सोडून उठलं तर ते बिचारं रात्रभर तसंच लटकत राहतं, असं त्याची आई सांगायची.

सुरुवातीला कुंडलिकनं राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्या आणल्या. तात्याबाला त्या पटल्या नाहीत. "ह्येचा राजा तीन दिस घोड्यावर हाय. घोड्याला वैरण कुणी टाकली?" मग खुनाच्या, पोलिसांच्या गोष्टी झाल्या. त्यांत संकट एवढं लांबायचं की दंडक पाळता पाळता दोघांची जेवणं हुकायची. आणि मग एका बाजारी कुंडलिकच्या हाताला य. गो. हिरवे या लेखकाचं पुस्तक लागलं.

हिरव्यांच्या पहिल्याच पानावर एक बाई डोईवर कडब्याची पेंडी घेऊन बांधावरून चालली होती. तिच्या मनात जगाचं काही मोठं दुःख नव्हतं. चुलीवर दूध ठेवून आलोय, एवढंच तिला आठवत होतं. तात्याबा हुंकार द्यायचा विसरला.

"ह्या बाबानं मेंढरं राखल्याली हायती," तो थोड्या वेळानं म्हणाला.

कुंडलिकनं पुस्तक उलटं करून मागचा फोटो बघितला. बारीक अंगाचा, चष्म्याचा माणूस. "न्हाय रं. पोस्टात हुता म्हणं."

"मग पोस्टात मेंढरं असत्याल."

त्यानंतर दुसरं काही आणायची सोय उरली नाही. हिरव्यांचा बैल चालून चालून दमायचा. हिरव्यांच्या माणसाला भांडताना मध्येच शिंक यायची. वाईट माणूसही आपल्या लेकराला मांडीवर घ्यायचा. लेखक कुणाला शहाणपण शिकवायचा नाही की कुणाला फासावर द्यायचा नाही. जे झालं ते झालं तसं सांगायचा आणि आपल्यासोबत बसून राहायचा. आपल्याला विचाराल तर, वाचकाचा जीव जडतो तो याच्यावरच. तात्याबाची बायको भामाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो घरात कामापुरतंच बोलायचा. मोटारीच्या खोलीत मात्र त्याचा हुंकार खणखणीत असायचा. हिरव्यांनीच त्याला जगात धरून ठेवलं होतं म्हटलं तरी चालेल.

ते साल अठ्ठ्याण्णव असेल. उन्हाळा कडक. फुगवट्याचं पाणी आटून जुन्या गावाचं देऊळ उघडं पडलं होतं. दोघं हिरव्यांची सरूची कादंबरी वाचत होते. सरूला ताप चढला होता आणि तिचा नवरा गणू कांद्याची गाडी जुंपून बाजाराला निघाला होता. "सरूनं उंबऱ्यापर्यंत येऊन..." कुंडलिकनं वाचलं आणि भिंतीवरचा बल्ब पेटला. लाईट आली.

तात्याबानं बल्बाकडं असं पाहिलं की बल्बालाच लाज वाटावी. पण ऊस पाच दिवसांचा तहानलेला. मोटारीचं बटण दाबून तो फावडं घेऊन उसात पाण्याची दारं धरायला गेला. सरूला तापात सोडून उठला. दंडक मोडला.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली तसं कुंडलिकनं पुस्तक उघडलं. गणूची गाडी वाटेला लागली. सरू अंथरुणावर पडली. तोवर कुठं वाईट काही घडलेलं नव्हतं, पण कुंडलिकचा आवाज संथ झाला. एकेक शब्द जपून टाकायला लागला. तात्याबानं हुंकार द्यायचा थांबवला.

"कुंडल्या, खड्डा यायच्या आदीच गाडी हळू झाली. ह्या वाटंनं तू जाऊन आलायस."

कुंडलिकनं नजर पुस्तकातच ठेवली.

"फुडं वाचलंस?"

"व्हय."

"एकट्यानं?"

"व्हय. झोप यिना राती."

"मला आली व्हय? दोघांनी मिळून राखण करायची आन एकानं हुरडा भाजून खायाचा, ही कुठली रीत रं? हितनं तितनं सारखीच जात तुजी, वॉचमनची! दार उघडं दिसलं की डोकवायचं!"

कुंडलिकही काही गोगलगाय नव्हता. सांगण्यासारखं काही त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं आणि पुस्तक तात्याबाच्या पुढ्यात टाकलं. "ठेव तुज्यापाशी. बस हुंकार देत." आणि ताडताड बांध ओलांडून गेला.

मग काय, दोघंही सगळ्या शिवारासारखे लाईटच्या नावानं बोटं मोडायला लागले. लाईट गेली की तात्याबा मोटारीच्या खोलीत बसायचा आणि पलीकडं वांग्यांत कुंडलिक गवत नसलेल्या जागीही खुरपं चालवायचा. बोलायचं कुणीच नाही. तात्याबाला माणसाचा राग आला होता, पण जीव सरूत अडकला होता. ती तापानं अंथरुणावर पडून होती आणि तिला तिथून हलवणारा माणूस वांग्यांत पाठ करून बसला होता.

शेवटी त्यानं नात गाठली. प्रतीक्षा नववीत, सुट्टीत घरी मोकळी. "वाच गं बाय जरा." पोरगी वाचायला लागली ती विनाथांबा एसटीसारखी. तात्याबा एका वाक्याला "हं" म्हणेपर्यंत ती पुढच्या पानावर. त्यात कसली आली गोडी! तरी सरूसाठी तो कान देऊन बसला. आणि एकाएकी एसटी थांबली. प्रतीक्षा मनातल्या मनात वाचत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"काय झालं गं?"

"आबा, फुडची पानं न्हाईत."

तात्याबानं पुस्तक हातात घेतलं. अंगठ्यानं पुढची पानं चाचपली. चांगली भाकरीएवढी जाड होती.

"हायती की."

पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "आजीवाणी हाय आबा. गणू बाजाराला गेल्याला असतो, आन मागं..."

तात्याबानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "बरं. जा तू. रडू नगंस." तिच्या पाठीवरून त्यानं हात फिरवला.

दोन वर्षांमागं भामाबाई बारामतीच्या दवाखान्यात होती तेव्हा तात्याबा तिच्या उशाशी बसून होता. अशातच निरोप आला. मळ्यावरची जळलेली डीपी बदलली, आज लाईट येणार, राम एकटा काय काय बघणार. भामाबाईच म्हणाली, "जावा की. ऊस वाळंल." तो उठला. एसटीनं पळसदेवला आला, मोटार सुरू केली. उसात दारं धरून उभा असताना बांधावरून कुंडलिक पळत येताना दिसला, तेव्हाच त्याला कळलं. भामाबाई गेली होती. त्याला कुणी बोल लावला नाही. त्यामुळं आणखी वाईट झालं. कुणी बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

हे सगळं कुंडलिकला माहीत होतं. म्हणून तर त्यानं भांडणाच्या आदल्या रात्री सरूचं काय होतंय ते आधी एकट्यानं जाऊन बघितलं होतं. तात्याबाला त्या वाटेनं न्यावं की न्यावं नाही, ते ठरवायला. आणि आपण त्याची जात काढली! तात्याबाला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली तसा तो पुस्तक काखेत मारून वांग्यांत गेला.

"चल."

कुंडलिकनं वर पाहिलं. पुस्तक पाहिलं. तात्याबाचं तोंड पाहिलं. "कळलं तुला?"

"कळलं. चल, वाच."

"तात्या, तेवढी पानं सोडू. फुडं लई झ्याक हाय, सरूची लेक मोठी हुती, शाळंत..."

"हिरव्यानं सोडली का?"

खुरपं तिथंच टाकून कुंडलिक मागोमाग आला.

मोटारीच्या खोलीत गारवा होता. तात्याबानं घोंगडं अंथरलं, भिंतीला टेकून बसला. कुंडलिक वाचू लागला. हळू वाचला, पण एक शब्द गाळला नाही. तात्याबा प्रत्येक वाक्याला हुंकार देत होता. सरूचा ताप वाढला. शेजारीण पाणी पाजायला आली. गणूची गाडी अजून लांब होती. सरू सारखी दाराकडं बघत होती. आणि मग तिनं शेजारणीचा हात धरला. आता ही नवऱ्याला बोल लावणार, असं समजून तात्याबानं डोळे मिटून घेतले.

कुंडलिकनं वाचलं, "सरू म्हणाली, गाडी आली की आधी बैलांना पाणी दाखव, मग ह्यांना जेवायला वाढ. लांबून आले असतील."

तेवढंच. पुढची अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून कुंडलिकनं चष्मा काढला.

तेवढ्यात भिंतीवरचा बल्ब पेटला. आजूबाजूच्या मळ्यांत एकेक मोटार सुरू झाली. तात्याबाच्या मोटारीचं बटण त्याच्या हाताच्या अंतरावर होतं.

"तात्या, लाईट आली," कुंडलिक म्हणाला.

"यिऊ दी."

"आरं, पर ऊस..."

"वाळू दी. मागल्या बारीला उठलो हुतो मी." तात्याबानं घोंगडं पायांवर ओढून घेतलं. गालावरून खाली आलेलं पाणी त्यानं पुसलं नाही.

"हं," तो म्हणाला.

कुंडलिकनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.