राणीच्या सल्लागाराच्या शोधात: अल्फारेटा ते मेलबर्न, फ्लोरिडा

अमेरिकेत पोरं वाढवणाऱ्या तमाम काकांनो, मावश्यांनो, आईबापांनो! आपल्या सगळ्यांचं दुःख एकच आहे. आपल्याकडे सल्ल्यांची गोदामं भरलेली आहेत आणि गिऱ्हाईक एकही नाही. नागपुरात पानठेल्यावरचा अनोळखी माणूसही सल्ला देतो आणि लोक थांबून ऐकतात. इथे सख्खी पुतणी कानांना हेडफोन लावते! हा अन्याय मी ऐंशीच्या दशकात, ऐन उमेदीत सोसला. त्या दिवसांतल्या एका सहलीची ही हकीकत.

आम्ही अटलांटाजवळ अल्फारेटाला राहायचो. थोरल्या भावाची मुलगी सुजाता कॉलेजसाठी आमच्याकडे आली होती. वय अठरा, जन्म मिशिगनमधल्या ट्रॉयचा. फ्लोरिडातल्या मेलबर्न नावाच्या गावी आमच्या नागपूरकडच्या बौद्ध मंडळींनी जयंतीचा कार्यक्रम ठेवला होता. जयंती एप्रिलातली, पण हॉल मिळाला मे महिन्यात. अमेरिकेत महापुरुषांनाही हॉल रिकामा असेल त्या शनिवारीच जन्म घ्यावा लागतो.

सुजाताला मराठीत बोलायचं निमंत्रण आलं. आदल्या वर्षी ट्रॉयला अशाच एका कार्यक्रमात ती दोन वाक्यं बोलून रडत स्टेजवरून उतरली होती. या वेळी तसंच झालं तर पुन्हा कधी चारचौघांत मराठी बोलणार नाही, असं तिने घरात जाहीर केलं होतं.

मी तत्काळ सल्लागारपद स्वीकारलं. मला कुणी दिलं नव्हतं. पण गावाचं नाव बघा! लॉर्ड मेलबर्न म्हणजे अठराव्या वर्षी गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीचा पहिला पंतप्रधान. साठीकडे झुकलेला, विधुर, हुशार आणि खाण्याझोपण्याचा शौकीन. तासन्‌तास राणीजवळ बसून तिला राज्यकारभार समजावायचा. साम्राज्यशाहीशी माझं जन्माचं वैर आहे. पण अठरा वर्षांची मुलगी ज्याचं ऐकते, त्या माणसाला मी वाकून नमस्कार करतो. गावात या मेलबर्नसाहेबांचा पुतळा असणारच, अशी माझी खात्री होती. त्याच्याशेजारी फोटो काढायचा, हा माझा गुप्त कार्यक्रम.

शुक्रवारी सकाळी निघालो. गाडी बायकोने, कुमुदने चालवली. मी बोलताना दोन्ही हात वापरतो, म्हणून ती मला स्टिअरिंगला हात लावू देत नाही. रस्ता सरळ आहे: आय-पंचाहत्तर धरा आणि दक्षिणेला पळा. दक्षिण जॉर्जियात रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात, त्या नक्की घ्या. फ्लोरिडाची हद्द लागताच सरकारी स्वागतकक्षात संत्र्याचा रस फुकट देतात. नागपूरकर असूनही मी तीन पेले प्यालो. पुढे पूर्व किनाऱ्याकडे वळलं की टोल लागतो, चिल्लर ठेवा. आणि मे महिन्यात जाणार असाल तर काचेवर काळ्या किड्यांचा लेप बसतो, तो उन्हात वाळायच्या आत धुवा.

वाटेत मी साहेबांचं चरित्र सांगायला घेतलं.

"सरकार पडलं. नवा पंतप्रधान म्हणाला, राणीच्या भोवतीच्या काही बायका बदला, त्या विरोधी पक्षाच्या घरांतल्या आहेत. राणी म्हणाली, एकही बदलणार नाही! नव्याला सरकार बनवताच आलं नाही. आमचे साहेब परत खुर्चीवर!"

सुजाताने हेडफोन काढले. "वेट, ती फक्त नाही म्हणाली? अँड दॅट वर्क्ड?"

"साहेबांनी तिला तयार केलं होतं म्हणून..."

"काका, 'नाही' तर तिनेच म्हटलं ना? मग त्याचं काय झालं?"

"राणीचं लग्न झालं, साहेब निवडणूक हरले. लोकांनी बजावलं, आता राणीला पत्रं लिहू नका. तरी ते लिहीत राहिले."

"म्हणजे तुमच्यासारखेच," कुमुद म्हणाली.

संध्याकाळी मेलबर्नला पोचलो. हमरस्त्यावरच्या मोटेलात खोली पंचवीस डॉलरला पडली, पंखा आणि डास धरून. पर्यटन कचेरीतल्या आजीबाईंना मी पुतळ्याचा पत्ता विचारला.

"हनी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऑस्ट्रेलियाला जायला हवं होतं."

गावचा पहिला पोस्टमास्तर म्हणे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये राहून आला होता. ते मेलबर्न साहेबांच्या नावाचं, आणि त्यावरून हे नाव पडलं. साहेब दोन महासागर ओलांडून इथे आले आणि कुणी त्यांना ओळखही दाखवली नाही! शेवटी मी धक्क्याच्या खांबावर डुलकी काढणाऱ्या एका पेलिकन पक्ष्याशेजारी फोटो काढला. त्याचं पोट साधारण साहेबांएवढंच होतं.

शनिवारी कार्यक्रम. सुजाताचं भाषण अर्थातच मी लिहिलं होतं, फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू होणारं. ती अडली तर सांगायला मी पडद्यामागे खुर्ची टाकून बसलो. नागपूरच्या नाट्यस्पर्धांत मी नावाजलेला प्रॉम्प्टर होतो. पण इथे भाषणांआधी जेवण होतं: पुरी, मसालेभात, वाटीवर वाटी खीर. साहेब राणीसमोर बसून घोरायचे. मी निदान पडद्यामागे घोरलो.

पुढचं मला कुमुदच्या टेपरेकॉर्डरमुळे कळलं. टेपमध्ये सुजाता "फ्रान्समध्ये..." म्हणून अडते. मग एक दीर्घ घोरणं. हॉल हसतो. मग तिचा आवाज येतो:

"ते माझे काका आहेत. माझे प्रॉम्प्टर. झोपलेत. सो मी माझं बोलते. इथे मराठी घरी गेलं की त्या घरच्या काकू विचारतात, नाव काय? सुजाता. मग विचारतात, पूर्ण नाव? मी आडनाव सांगते. मग त्या थोडं थांबतात. मला मराठी नीट येत नाही. पण ते थांबणं मला नीट कळतं. आता विचारलं ना, तर मी नाही सांगणार. मी विचारणार, कशाला हवंय?"

टाळ्यांनी मला जाग आली. माझंच भाषण गाजलं असं वाटून मी पडदा सारून बाहेर आलो आणि हात जोडले. टाळ्या दुप्पट झाल्या.

रविवारी परतताना सुजाताने आपणहून विचारलं, "काका, पुढच्या वर्षी बोलायचंय. 'आडनाव विचारणं' याला अजून स्ट्राँग शब्द आहे का?" माझ्या आयुष्यातला हा पहिला मागितलेला सल्ला! मी मेकनपर्यंत उत्तर देत होतो. ती त्याच्या दीडशे मैल आधी, वल्डोस्टालाच झोपली होती.

घरी आल्यावर फोटो धुऊन आले. पेलिकन छान आला, माझे डोळे मिटलेले. त्यानंतर सुजाता कितीतरी स्टेजांवर बोलली, आणि भाषण लिहून द्या असं मला कधीच म्हणाली नाही. व्याकरणाच्या चुका अजून करते. पण ती "कशाला हवंय?" म्हणते तेव्हा भल्याभल्यांची नजर जमिनीकडे जाते. असं वाक्य मला जन्मात लिहिता आलं नसतं.

तेव्हा सल्लागार बंधुभगिनींनो, पुढच्या कार्यक्रमात तुमच्या पोरीचं नाव पुकारलं जाईल, त्या क्षणी जागेवरून उठा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा!